ज्ञान मागायचं, ते कुणासाठी?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आणि रविवारी मंडळीच्या दानाचा हिशोब लिहीत. त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक सांगता येईल. माझा आजचा विषय मात्र त्यांच्या त्या हिशोबाच्या वहीच्या जवळचा आहे. देवाचं ज्ञान रोजच्या जगण्यात कसं मागायचं, आणि ते मिळालं की नाही हे कसं ओळखायचं, याविषयी मला बोलायचं आहे.

आपल्या प्रार्थना सभेत विनंत्या विचारल्या जातात, तेव्हा काय काय येतं ते आठवून पाहा. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, आजारी सासूबाई, लातूरला क्लासला ठेवलेल्या नातवाची नीटची परीक्षा, थकलेला हप्ता. या विनंत्या मला कधीच क्षुल्लक वाटल्या नाहीत. आपल्या प्रभूने रोजची भाकर मागायला शिकवलं आहे, तेव्हा हप्त्यासाठी प्रार्थना करण्यात कमीपणा नाही. पण या यादीत ज्ञानाची विनंती फार क्वचित येते. आणि आलीच तर ती अशी असते : ‘मी कोणता निर्णय घेतला म्हणजे माझं भलं होईल ते देवाने दाखवावं.’ म्हणजे ज्ञानही आपण स्वतःच्याच भल्यासाठी मागतो.

१ राजे, तिसरा अध्याय. गिबोन इथे शलमोनाला स्वप्नात देव विचारतो, काय देऊ? या तरुण राजाने दीर्घायुष्य मागितलं नाही, धन मागितलं नाही, शत्रूंचा नाश मागितला नाही. लोकांचा न्याय करता यावा म्हणून समजूतदार मन मागितलं. आपण या प्रसंगावर अनेक प्रवचनं ऐकली आहेत, आणि त्यांतली बहुतेक ‘न मागितलेलं धनही देवाने दिलं’ या वाक्यावर येऊन थांबतात. माझी विनंती आहे, तिथे थांबू नका. पुढची गोष्ट वाचा. मिळालेलं ज्ञान पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं? दोन वेश्यांच्या. एका घरात राहणाऱ्या, पाठीशी नवरा नाही, बाप नाही, साक्षीदार नाही, अशा दोन बाया एकाच बाळावर हक्क सांगत राजासमोर उभ्या राहिल्या. त्यांना दारातूनच हाकललं असतं तरी त्या काळात कुणी राजाला दोष दिला नसता. शास्त्र मात्र त्यांचं बोलणं पूर्ण देतं. मग राजा दोघींचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवतो : ही असं म्हणते, ती तसं म्हणते. बाळाचे दोन तुकडे करायला मागवलेली तलवार त्यानंतर येते. तलवारीची युक्ती सगळ्यांच्या लक्षात राहते, आधीचं ऐकणं कुणाच्या राहत नाही. मला तर त्या ऐकण्यातच देवाचं ज्ञान दिसतं.

आणि याच शलमोनाने पुढे लोकांवर वेठबिगारी लादली. त्याच्या मागे लोक त्याच्या मुलाकडे आले ते ‘जू हलकं करा’ म्हणत. म्हणजे एकदा मिळालेलं ज्ञान जन्मभर पुरत नाही. राजाने लोकांचं ऐकणं सोडलं आणि ते ज्ञानही सुटलं.

आता आपल्याकडे येऊ. एकतीस डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटची उपासना झाली की वचनाचं कार्ड उचलायचं, ही आपल्या पुष्कळ मंडळ्यांतली आवडती रीत. लहान मुलं ताट धरून उभी असतात, आजी चष्मा पुसून कार्ड वाचते, कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. ती रीत मोडा असं मी म्हणणार नाही. पण त्या कार्डांवर काय छापलेलं असतं ते एकदा नीट बघा. यिर्मया २९:११ असतं, यशया ४१:१० असतं, तेविसावं स्तोत्र असतं. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, हे लेवीय १९:१३ मधलं वचन त्यात नसतं. खोट्या तराजूविषयीचं नसतं. जामीन राहण्याविषयीचं तर नसतंच. देवाने अभिवचनांबरोबर दिलेली समज आपण ताटात ठेवतच नाही. मग वर्षभर अडचण आली की कुणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतं आणि जिथे बोट पडेल ती ओळ आज्ञा मानतं. कुणी कन्व्हेन्शनला आलेल्या प्रचारकाकडे जाऊन विचारतं, ‘माझ्यासाठी काही वचन आहे का?’ त्याला आपलं घर माहीत नाही, शेत माहीत नाही, कर्ज माहीत नाही. ज्या शेजाऱ्याला हे सगळं माहीत आहे त्याला मात्र आपण विचारत नाही, कारण तिथे झाकून ठेवता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की बोट ठेवून वचन काढणं आणि कौल लावणं यांत फरक नाही.

जामीन राहण्याचा प्रश्न जरा उघडून बोलू, कारण मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांना तो फार जवळून माहीत आहे. आपल्या लहान मंडळीत पगारदार माणूस एखाददुसरा. कुणी शिक्षक, कुणी नर्स, कुणी एसटीत. पतसंस्थेचं कर्ज कुणालाही हवं असो, जामीनदार म्हणून सही त्याचीच. ‘भाऊ, तुम्ही विश्वासातले, तुम्ही नाही म्हणाल तर आम्ही कुणाकडे जायचं?’ कर्ज थकतं, आणि एका महिन्यात त्या शिक्षकाच्या पगारातून कपात सुरू होते. त्याच्या बायकोला तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपल्या घराने अशी एक सही केली होती. बायकांच्या बाजूला हीच गोष्ट ग्रुप लोनची. गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. वसुलीवाला मीटिंग संपवत नाही, बायका उन्हात बसून राहतात, आणि त्याच बायका रविवारी एका बाकावर बसून एकमेकींकडे बघत नाहीत.

नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाचा सल्ला कडक आहे. शेजाऱ्याला जामीन राहून अडकला असशील तर झोपू नकोस, जा, गयावया कर, सुटका करून घे. हे वाचून एखादा म्हणेल, मग ठरलं, कुणालाच मदत करायची नाही. पण त्याच शास्त्रात फिलेमोनाला लिहिलेलं पत्र आहे. पळून आलेल्या ओनेसिम नावाच्या दासासाठी पौल लिहितो की याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन. आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. म्हणजे पौल जामीन राहिला! दोन वचनं समोरासमोर उभी राहतात, आणि कार्ड उचलून हा प्रश्न सुटत नाही. इथेच ज्ञान मागावं लागतं.

मी या दोन वचनांमधून जे समजलो ते सांगतो. पौलाने भिडेपोटी होकार दिला नाही. आकडा पुढे येऊ शकतो हे त्याला ठाऊक होतं, तो चुकवायची त्याची तयारी होती, आणि पत्र फिलेमोनाच्या घरात जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून होतं, म्हणजे लपूनछपून काहीच नव्हतं. शिवाय त्या सहीने एका माणसाला दास म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून घरात घ्यायचं होतं. नीतिसूत्रं ज्याला थांबवतात तो माणूस उत्साहात किंवा संकोचात हातावर हात मारणारा आहे. तेव्हा सही मागायला कुणी आलं तर रात्र मधे जाऊ द्या. घरातल्या बाईला सांगितल्याशिवाय सही करू नका. सगळी रक्कम बुडाली तरी मुलांच्या फीला धक्का लागणार नाही, एवढ्याचीच सही करा. आणि जो माणूस कर्ज कशासाठी हवं ते सांगत नाही त्याला प्रेमाने नाही म्हणा. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करा असं खुद्द प्रभूने सांगितलं आहे. लग्नाच्या मांडवालाही ते लागू आहे.

आता किल्लारीच्या भूकंपाविषयी बोललं पाहिजे. लातूर जिल्ह्यात शहाणपणावर बोलायचं आणि किल्लारी टाळायची, हे मला जमणार नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं काही सेकंदांत खाली आली. सरकारी आकड्यानुसारच मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात. आपण खडकावर बांधलेल्या घराचा दाखला लहानपणापासून ऐकतो. किल्लारीच्या खालीही काळा खडकच होता. मग घरं का पडली? तेव्हा काही प्रचारकांनी त्याला लोकांच्या पापाची शिक्षा म्हटलं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा असं बोलणाऱ्यांना प्रभूने काय उत्तर दिलं ते लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. ती माणसं इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती.

घरं पडली त्याचं कारण भिंतीत होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या, गोट्यांच्या, मातीत रचलेल्या भिंती. बाहेरचं तोंड वेगळं, आतलं तोंड वेगळं, मधे भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा लांब दगड अनेक घरांत नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे थर, आणि गळू नये म्हणून दर काही वर्षांनी आणखी माती. उन्हाळ्यात ते घर थंड असे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चांगलं मानलं गेलं. हादरा बसला आणि भिंतीची दोन तोंडं दोन बाजूंना सुटली, माळवदाचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीत धक्के बसत होते. लोक घाबरले होते, अंगणात झोपले होते. मग धक्के थांबले आणि लोक घरात परतले. यात मी त्या गावकऱ्यांना दोष देत नाही. भिंतीत काय बदल करायचा हे त्यांना जाऊन समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

मदतीला देशभरातून माणसं आली. चर्चच्या कासा आणि कॅरिटास इंडिया या संस्थाही त्यात होत्या. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते दुरुस्तीचं काम. जी गावं पूर्ण पडली नव्हती, तिथल्या भिंती पक्क्या करायच्या होत्या, आणि लोक आपल्याच घरात शिरायला भीत होते. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या. या बायकांनी भूकंपाला टिकणारं बांधकाम समजून घेतलं, घरोघरी जाऊन सांगितलं, सरकारी पैसा कुठे अडकला ते विचारलं. ज्या बाईला घर बांधताना खिडकी कुठे हवी हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं, ती इंजिनिअरशी भिंतीविषयी बोलू लागली. खडकाच्या दाखल्यात प्रभू काय म्हणतो? माझी वचनं ऐकून त्याप्रमाणे करणारा तो शहाणा. ऐकून करणं हाच तिथला खडक आहे. त्या बायकांनी ऐकलं आणि केलं. त्यांच्यात ख्रिस्ती किती होत्या हा प्रश्नच मला महत्त्वाचा वाटत नाही. मोशे दिवसभर एकटाच न्याय करत बसला असताना काम वाटून दे हे शहाणपण त्याला दिलं ते इथ्रोने, मिद्यानी याजकाने, परक्या देशाच्या सासऱ्याने. मोशेने ते देवाकडून आलं असं समजून घेतलं.

म्हणून पावसासाठी उपवास प्रार्थना करणाऱ्या मंडळीने परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही मंडळीत वाचून दाखवावा. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे दरवर्षी सांगितलं जातं. पहिल्या सरीला विश्वासाचं पाऊल म्हणून पेरून मोकळं व्हायचं आणि दुबार पेरणीची वेळ आली की देवाने परीक्षा घेतली म्हणायचं, यात देवावर अन्याय आहे.

घरातल्या शहाणपणाचं उदाहरण द्यायचं तर माझ्यासमोर ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक येतात. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधली पाच वर्षं आपण भरभर वाचतो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही बाई ख्रिस्ती झाली नाही. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपलं सोवळं, आपलं पाणी वेगळं ठेवलं. त्यांचं मन बदललं ते विचार करून. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, माणसाने केल्या हे उत्तर मिळालं, आणि त्या क्षणापासून वागणं बदललं. शाळा म्हणावी अशी त्यांनी पाहिली नव्हती. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, मागेल त्याला ते देऊन टाकत. घर चालवायचं ते लक्ष्मीबाईंनी. मला यात कुणा एकाची बाजू घ्यायची नाही. देणारा हात आणि उद्याची भाकर राखणारा हात, दोन्ही त्या घरात होते, आणि त्यांची ओढाताण ‘स्मृतिचित्रे’त लपवलेली नाही. टिळकांच्या मागे त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे अपुरं काव्य याच बाईने पुरं केलं. १९३८ मध्ये ते छापून आलं तेव्हा दोघंही हयात नव्हते.

आपल्या मंडळ्यांच्या पंचांत बायका किती आहेत? दान मोजायला, स्वयंपाकाला, नाताळच्या सजावटीला बायका. जमिनीचा आणि पैशाचा निर्णय घेताना बाहेरच्या खोलीत. शलमोनाचा पहिला न्याय दोन बायकांचं ऐकून झाला हे इथे पुन्हा लक्षात आणून देतो.

एक अवघड गोष्ट उरते, आणि ती व्यासपीठावरून बोलायला आपण घाबरतो. मराठवाड्यातली बहुतेक ख्रिस्ती घरं मांग आणि महार समाजांतून आलेली आहेत. जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हाही त्यांना हे कळलं होतं की बाप्तिस्म्याबरोबर जमीन आणि धंदा दिला नाही तर माणूस गावात उभा राहू शकत नाही; त्यासाठी त्यांनी निजामाच्या दिवाणाकडून, सालारजंगांकडून, जमीन मिळवली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. गावकुसाबाहेरचं घर बाप्तिस्म्याने गावात आलं नाही, पण सवलत गेली. हा अन्याय आहे, आणि तो अन्याय आहे असं मंडळीने सनदशीर मार्गाने, अर्ज-निवेदनांतून, न थकता सांगितलं पाहिजे.

पण त्या दरम्यान शाळेच्या फॉर्मसमोर बसलेल्या बापाने धर्माच्या रकान्यात काय लिहायचं? खरं लिहिलं तर मुलीची शिष्यवृत्ती जाते. दुसरं लिहिलं तर रविवारी प्रभुभोजनाला उभं राहताना मन खातं. मला या बापाला शहरातल्या बंगल्यातून उपदेश करणारे लोक आवडत नाहीत. खरेपणाला पर्याय नाही, हे मी मानतो. पण ज्या मंडळीला त्या बापाकडून खरेपणाची अपेक्षा आहे, तिने त्या मुलीची फी भरायची तयारी आधी दाखवावी. खरं बोलण्याची किंमत एकट्या गरिबाने मोजायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, हे ज्ञान वरून आलेलं नाही. याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणं सांगतो. शुद्धतेपाठोपाठ तिथे शांती, सौम्यता, समजूत आणि दया येते. ती दया पावतीपुस्तकात दिसली पाहिजे.

काही निर्णयांसाठी ज्ञान वेळेआधीच मागावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ या पाण्याच्या गाडीच्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी आलं. तशी वेळ पुन्हा येऊ शकते. आपल्या कित्येक चर्चच्या आवारात बोअर आहे. इसहाकाने खणलेल्या विहिरींवर भांडण झालं तेव्हा तो पुढे सरकला आणि पुन्हा खणत गेला, पण त्याला पुढे सरकायला रान होतं. आपल्याला नाही. तशी वेळ येईल त्या दिवशी फाटकाला कुलूप लावायचं की गल्लीला पाणी द्यायचं, आणि द्यायचं तर कुणाला आधी, हे टँकरची रांग लागल्यावर ठरवता येत नाही. ते आज, पाणी असताना ठरवायचं असतं.

दुसऱ्यासाठीचं हे शहाणपण आपल्यात आहेही. कापणीच्या सणाला आपण वेदीपुढे ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या आणून ठेवतो आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्या लिलावात मी एक गोष्ट पाहिली आहे. म्हाताऱ्या बाईने आणलेल्या शेरभर तुरीला कुणीतरी मुद्दाम मोठी बोली लावतो, तिचं दान लहान दिसू नये म्हणून. कुणी त्याला सांगितलेलं नसतं. तुरीचा भाव त्याला ठाऊक असतो, आणि ती बाईही.

माझी मागणी आता थेट आहे. तुमच्या मंडळीची वार्षिक सभा येईल तेव्हा अजेंड्यावर तीन विषय घ्या. मंडळीतल्या कुणावर कर्जाचं किंवा जामिनाचं ओझं आहे, आणि ते उतरवायला आपण काय करणार. शिष्यवृत्ती गेलेल्या मुलांच्या फीसाठी दानातला किती हिस्सा बाजूला ठेवणार. आणि निर्णयाच्या खोलीत या वर्षी किती बायका बसणार. सभेच्या आधी आठवडाभर प्रत्येक घराने रोज देवाकडे ज्ञान मागावं, आणि प्रत्येकाने ते आपल्या घरासाठी न मागता शेजारच्या घरासाठी मागावं. मग बसा, एकमेकांचं पूर्ण ऐका, आणि जे ठरेल ते सभेच्या वहीत लिहून खाली सह्या करा.